पाणी तापलं नाही, म्हणजे हीटर गेला असं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंची डिशवॉशर मशीन चार वर्षांची आहे. महिनाभरापासून कढई आणि कुकरवर तुपाचा चिकट थर राहतो, गोळी अर्धीच विरघळते, मशीन संपल्यावर भांडी गार आणि ओली निघतात. तीन-चार वेळा मधेच थांबून पाणी न तापल्याचा एरर आला, तोही नेमका संध्याकाळी. दुपारी लावली तर बहुतेक वेळा पूर्ण होते. मशीन मागच्या वॉश एरियात आहे. घरी नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी बोअरचं. कारागिराने मशीन न उघडताच हीटर आणि कार्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) दोन्ही बदलायचे म्हणून साडेचौदा हजार सांगितले. बदलावं का?

ताई, आत्ता एक पैसाही देऊ नका. बंद मशीनमधला हीटर आणि कार्ड दोन्ही एकदम गेलेत हे ज्याला बाहेरूनच दिसतं, त्याच्या दुकानात ते दोन्ही पार्ट पडून असतात, एवढाच त्याचा अर्थ. मी सत्तावीस वर्षं इंदुरात गिझर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतोय. २०२०च्या लॉकडाउनमध्ये कामवाल्या मावश्या यायच्या थांबल्या आणि आपल्या मराठी घरांतही डिशवॉशर शिरला. तोवर ‘त्यात आपली कढई कुठे निघते’ म्हणून लोक हसायचे. तेव्हापासून ‘पाणी तापत नाही’ ही तक्रार घेऊन मी कितीतरी घरी गेलो असेन, आणि पुष्कळदा हीटर धडधाकट निघाला.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘संध्याकाळी’ हा आहे. जळालेला हीटर घड्याळ बघत नाही. तो गेला की सकाळी गेला, दुपारी गेला, रात्रीही गेलेलाच.

मशीनला मुळात काय कळतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्याकडे डिशवॉशरला थंड पाण्याचा एकच पाइप जोडतात. पाणी तापवायचं काम मशीन स्वतःच करते. तळाशी तीन-चार लिटर पाणी भरतं, पंप ते फिरत्या पंख्यांतून भांड्यांवर फेकतो, खाली आलेलं पाणी पुन्हा ओढतो, आणि या फेऱ्यांत ते हीटरवरून जातं. वाटाण्याएवढा एक सेन्सर तापमान सांगत असतो. कार्ड घड्याळ लावून बसतं: इतक्या मिनिटांत इतके अंश चढायलाच हवेत. चढले नाहीत की एरर. म्हणजे स्क्रीनवर जे येतं त्याचा अर्थ ‘हीटर खराब’ असा नाही, ‘दिलेल्या वेळात पाणी तापलं नाही’ एवढाच आहे. काही मशीन एरर न दाखवता कोमट पाण्यातच पुढचं काम उरकतात, काही वाट बघत बसतात आणि दोन तासांचा प्रोग्रॅम सव्वातीन तास चालतो. मूळ एकच.

म्हणून मी आधी हीटरकडे जात नाही, वेळ का लागला ते शोधतो.

जरा हिशेब करू. साडेतीन लिटर पाणी, जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतून आलेलं, समजा १८ अंशांचं. ते ६५ पर्यंत न्यायचं. त्याबरोबर तुमची स्टीलची ताटं, कुकर, मशीनची आतली स्टीलची टाकी, असं सगळं मिळून पंधरा किलो धातूही तापवायचा. २००० वॅटच्या हीटरला याला साधारण नऊ मिनिटं लागतात, बाहेर जाणारी उष्णता धरली तर थोडी जास्त. ही झाली २३० व्होल्टची गोष्ट. संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे गिझर, मोटारी आणि उन्हाळ्यात एसी चालू झाले, तुमच्या घरात १८५ व्होल्ट आले, तर तोच हीटर २००० नाही, जेमतेम १३०० वॅट देतो. कारण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते: व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने कमी झालं की उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होते. नऊ मिनिटांचं काम चौदावर गेलं, कार्डाचा धीर सुटला, एरर आला. पार्ट एकही खराब नाही. आणि मे महिन्यात हीच मशीन त्याच १८५ व्होल्टवर तक्रार करणार नाही, कारण गच्चीवरची काळी टाकी पाणी आधीच ४० च्या आसपास तापवून देते. ‘उन्हाळ्यात बरी होती, थंडीत बिघडली’ असं सांगणारी गिऱ्हाईकं दर डिसेंबरात भेटतात, ती यामुळेच.

आता हे तुमच्या घरी खरं आहे का, ते मशीनचा एकही स्क्रू न काढता बघता येतं. माझी सगळ्यात आवडती युक्ती सांगतो. विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/किलोवॅट-तास’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक युनिट वीज जळेपर्यंत तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातला फ्रिज, गिझर, पंखे, इन्व्हर्टर सगळं पंधरा मिनिटं बंद करा आणि फक्त डिशवॉशर चालू ठेवा. प्रोग्रॅम सगळ्यात गरम पाण्याचा लावा, कढई-कुकरवाला. सुरुवातीला मशीन गार पाण्याने खळबळून घेते, तेव्हा फक्त पंप चालतो आणि दिवा दहा-बारा सेकंदांतून एकदा लुकलुकतो. ते पाणी सोडून दिल्याचा गुरगुरता आवाज येईल, नवीन पाणी भरेल, आणि मग काही मिनिटांत हीटर लागायला हवा. त्या क्षणी दिव्याची चाल एकदम बदलते. आता मोबाइलवर दहा सेकंद लावून लुकलुकणं मोजा.

सतरा-अठरा आले तर हीटरला पूर्ण वीज मिळते आहे आणि तो ठणठणीत आहे. अकरा-बारा आले तर हीटर ठणठणीत आहे, उपाशी आहे. चाल बदललीच नाही, एखादाच लुकलुकला, तर हीटरपर्यंत वीज जातच नाही. मीटरवर १६०० लिहिलं असेल तर हे आकडे निम्मे धरा. हीटर १८०० वॅटचा असेल तर एक-दोन कमी. दुपारी एकदा मोजा, संध्याकाळी सातला एकदा. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून ठेवा. कारागिराला ती चिठ्ठी दाखवली की त्याचा आवाज जरा खाली येतो, हा अनुभव आहे.

पाण्याचं तापमान थेट बघायचं असेल तर वरच्या ट्रेमध्ये एक स्टीलची वाटी सरळ ठेवा, पालथी नाही. मुख्य धुणं चालू होऊन अर्धा-पाऊण तास झाला की मशीन थांबवून दार हळूच किलकिलं करा, वाफ जाऊ द्या आणि वाटीत साचलेल्या पाण्यात स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर बुडवा. तापाचा थर्मामीटर नको, तो तिथे निकामी होईल आणि पाऱ्याचा असेल तर फुटून नसती आफत. कढईच्या प्रोग्रॅममध्ये वाटीत साठच्या वर मिळायला हवं, साध्या इको प्रोग्रॅममध्ये पन्नासच्या अलीकडे-पलीकडे. थर्मामीटर खरा बोलतो की नाही ते उकळत्या पाण्यात बघून घ्या. फक्त इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, आपल्याकडे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. तिथे ९८ दिसले म्हणून थर्मामीटर फेकू नका.

वाटीत चाळीस मिळाले तर तुमच्या कढईचं कोडं सुटलं. तूप पस्तिशीच्या आसपास वितळतं, पण वितळणं वेगळं आणि निघून जाणं वेगळं. कोमट पाण्यात ते सुटतं, पाण्याबरोबर फिरतं आणि शेवटच्या, न तापलेल्या पाण्यात पुन्हा सगळ्या भांड्यांवर सारखं वाटून बसतं. म्हणूनच अशा वेळी तूप न लागलेला पेलाही चिकट लागतो. भांडी ओली राहण्याचंही तेच. मशीन भांडी पुसत नाही. शेवटच्या कढत पाण्याने तापलेलं भांडं स्वतःच्या उष्णतेने वाळतं. प्लॅस्टिकचे डबे मात्र चांगल्या मशीनमध्येही ओलेच निघतात, त्यावरून काही ठरवू नका.

समजा संध्याकाळचा आकडा अकरा-बारा आला. मग प्रश्न उरतो की व्होल्टेज बाहेरूनच कमी येतं की तुमच्या घरात वाटेत सांडतं. महाराणी रोडवर सॉकेटमध्ये खोचायचा व्होल्टमीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. तो मशीनशेजारच्या सॉकेटमध्ये लावा. हीटर लागायच्या आधीच १८५ दिसत असेल, तर कमतरता बाहेरची आहे. शेजाऱ्यांकडेही तेच दिसेल, तक्रार वीज कंपनीकडे करायची. पण आधी २१५ दिसले आणि हीटर लागताक्षणी १८५ वर घसरले, तर दोष तुमच्या भिंतीत आहे. ढिला स्क्रू, जळका सॉकेट किंवा बारीक वायर. वॉश एरिया बहुतेक घरांत नंतर काढलेला असतो आणि तिथली लाइन कुणीतरी ट्यूबलाइटच्या वायरवरून ओढलेली असते. नऊ अँपिअर ओढणारी मशीन त्यावर चालवायची म्हणजे बैलगाडीला रेल्वेचा डबा जोडण्यासारखं. स्वतंत्र एमसीबी, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड नको. तासभर मशीन चालल्यावर प्लग काढून बघा. पिना हाताला चटका देत असतील, सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल, तर उत्तर सापडलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. डिशवॉशरच्या कामाला नुकता लागलो होतो तेव्हा राजेंद्रनगरमधल्या एका घरी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस पानं उठायची होती आणि मशीन पाणी तापवेना. घाईघाईत हीटर बदलला, चहा घेतला, पैसे घेतले, निघालो. संध्याकाळी फोन: पुन्हा तेच. रात्री नऊला परत गेलो, सॉकेट उघडला, तर न्यूट्रलचा स्क्रू अर्धा सुटलेला आणि वायर काळी पडलेली. पाच मिनिटांचं काम. हीटरचे पैसे दुसऱ्या दिवशी परत केले. काकूंनी पुरणपोळ्यांचा डबा दिला, तो घेताना मान वर करवत नव्हती. त्या दिवसापासून आधी व्होल्टमीटर, मग पेचकस.

बाहेरूनच व्होल्टेज कमी असेल तर दोन मार्ग. एक म्हणजे फुकटचा: मशीन रात्री अकरानंतर किंवा दुपारी लावा, गिझर आणि मोटारीच्या वेळी नाही. दुसरा स्टॅबिलायझर. पण फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर लावू नका, तो या भाराने जळेल. किमान ३ केव्हीएचा, एसीला लावतात तसा हवा.

आता पाणी. हीटर कोरडा तापू नये म्हणून बहुतेक मशीनमध्ये अशी सोय असते की पंपाने पुरेसा दाब केला तरच हीटर लागतो. पंपाला पाणी कमी पडलं, त्याने हवा ओढली, की हीटर गप्प. मीटरच्या दिव्याची चाल बदलली नाही म्हणून हीटर गेला असं लगेच म्हणायचं नाही, ते यासाठी.

पाणी कमी पडायची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. तुमचं घर वरच्या मजल्यावर असेल आणि टाकी डोक्यावरच्याच गच्चीवर, तर दाब मिळतो जेमतेम तीन मीटरचा, म्हणजे ०.३ बार. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. नळाला जोडलेला पाइप सोडवून बादलीत धरा. मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी यायला हवं. धार करंगळीएवढी असेल तर टाकी स्टँडवर चढवा किंवा लहान प्रेशर पंप लावा. पाइप जिथे मशीनला जोडतो तिथे एक नाण्याएवढी जाळी असते. बोअरची वाळू आणि टाकीतला गाळ तिथे साठतो. नळ बंद करून, प्लग काढून ती जाळी जुन्या टूथब्रशने साफ करा. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर चढून आपल्यापर्यंत येतं, त्याची मला काही तक्रार नाही; गाळ येतो तो आपल्याच टाकीतला, जी शेवटची कधी धुतली ते घरात कुणालाच आठवत नसतं.

तळाचा फिल्टर मी रोज बघायला सांगतो आणि लोक महिन्याने बघतात. इंदुरी घरातल्या फिल्टरमध्ये काय सापडतं ते मी डोळे मिटून सांगू शकतो: भिजून फुगलेले पोहे, शेव, मोहरी, कढीपत्त्याचं पान. शेव सगळ्यात वाईट. ती विरघळून पिठासारखी होते आणि बारीक जाळीवर लेप देते. वरून फिल्टर स्वच्छ दिसतो, उजेडात धरला की पलीकडचं काही दिसत नाही. नळाखाली धरून मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी घासा.

आणि फेस. मावशी भांड्यांना साबणाचा हात मारून, नीट न विसळता मशीनमध्ये लावतात, किंवा गोळ्या संपल्या म्हणून कुणीतरी भांड्यांचं लिक्विड टाकतं. आत फेस झाला की पंप फेस ओढतो, दाब बनत नाही, हीटर लागत नाही. दार उघडल्यावर तळाशी फेस दिसला तर दोन-तीनदा पाणी काढून टाका, नुसत्या पाण्याने एक फेरी चालवा. हीटर बदलायला आलेला माणूस ही गोष्ट बहुतेक विचारत नाही.

बोअरच्या पाण्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, कारागिरांतही: हीटरवर क्षार बसले की पाणी कमी तापतं. पूर्ण खरं नाही. क्षार बसले तरी हीटर तेवढीच वीज खातो आणि ती उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? होतं असं की थरामुळे ती बाहेर पडायला अडते, हीटरचा धातू आतून भलताच तापतो, मग त्याच्या शेजारचा सेफ्टी कट-आउट (हीटर फार तापला की वीज तोडणारा पार्ट) उडतो किंवा हीटरच लवकर मरतो. दुसरं, क्षारांचा लेप सेन्सरवर बसला की तो पाण्याची खबर उशिरा देतो. पाणी साठला पोचलेलं असतं, सेन्सर अजून पन्नास म्हणत असतो. म्हणून क्षार काढायचे, पण ‘क्षार आहेत म्हणून एरर आला’ एवढ्यावर थांबायचं नाही.

मशीनमध्ये मीठ घालता ना? ते भांड्यांसाठी नाही. तळाशी एक छोटा सॉफ्टनर असतो, त्यातले रेझिनचे मणी पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवतात, आणि मिठाचं पाणी ते मणी पुन्हा ताजे करतं. मशीन बसवायला येणारा माणूस कडकपणाची सेटिंग बहुतेक आहे तशीच सोडून जातो. तुमच्याकडे एक दिवस नर्मदा आणि एक दिवस बोअर, तर सेटिंग बोअरची ठेवा. कडकपणा तपासायच्या पट्ट्या मिळतात. आरओवाल्याचा टीडीएस मीटर इथे चालत नाही. पाण्यात विरघळलेलं सगळंच तो मोजतो, आपल्याला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम हवं. मीठ डिशवॉशरचंच घ्या. सियागंजातून खडेमीठ आणून भरणारे महाभाग आहेत. त्यातली माती मण्यांत अडकते. घरातलं बारीक मीठ गोळा होऊन बसतं. मीठ भरल्यावर लगेच एक फेरी चालवा, सांडलेलं मीठ रात्रभर राहिलं तर आतलं स्टील खातं.

साचलेले क्षार काढायला मशीन क्लीनर किंवा शंभर ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, रिकाम्या मशीनमध्ये गरम प्रोग्रॅमवर, गोळी न टाकता. पाणी तापतच नसेल तर याचा फारसा उपयोग नाही, म्हणून ते दुरुस्तीनंतर. बाथरूमच्या फरश्या धुवायचं अ‍ॅसिड चुकूनही नको.

एवढं करूनही दिव्याची चाल बदलत नसेल, तेव्हा मशीन उघडायची वेळ आली. वॉरंटी असेल तर हात लावू नका. नसेल आणि मल्टिमीटर धरायची सवय असेल तरच पुढचं वाचा. प्लग उपसून ठेवा, नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही, आणि खालच्या पत्र्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

सगळ्यात आधी टॉर्च मारून वायरी बघा. मशीनच्या खालची जागा उबदार असते आणि उंदरांना ती फार आवडते. कुरतडलेली वायर, लेंड्या, झुरळांनी काळं झालेलं कार्ड, हे मी हीटरइतक्याच वेळा पाहिलं असेल. मग हीटरच्या दोन्ही टोकांवरच्या वायरी काढून रोध मोजा. २००० वॅटला साडेसव्वीस ओहमच्या आसपास, १८०० ला एकोणतीस-तीस. पंचवीस ते तीसच्या मध्ये काही दिसलं तर हीटर शाबूत. काहीच दिसलं नाही तर हीटर तुटला म्हणण्याआधी त्याच्या ओळीत जोडलेला कट-आउट वेगळा मोजा. तोच उडालेला असू शकतो आणि तो हीटरपेक्षा खूप स्वस्त असतो. तो का उडाला ते मात्र शोधावं लागतं. कट-आउट वगळून वायरने डायरेक्ट करून देणारा कारागीर घरात परत घेऊ नका, कारण हीटर अडकून चालूच राहिला तर आग थांबवणारी ती एकच वस्तू आहे.

सेन्सर तपासायला त्याच्या दोन पिनांवर मीटर लावा आणि तो कोमट पाण्यात धरा. बहुतेक सेन्सर गरम झाले की रोध कमी दाखवतात. पुष्कळ मशीनमध्ये २५ अंशांना दहा किलोओहम आणि ६० ला अडीच-तीन, अशी रीत असते. तुमच्या मॉडेलचे आकडे वेगळे असू शकतात, पण रोध सावकाश, सलग उतरला पाहिजे. मधेच उडी मारली किंवा जागचा हलला नाही तर सेन्सर बदला. काही शे रुपयांचा मामला.

उरलं कार्ड. कार्ड अख्खं जळणं दुर्मीळ. हीटर चालू-बंद करणारा रिले आणि त्याचं सोल्डरिंग जळणं मात्र नेहमीचं, कारण सगळा भार तिथून जातो. कार्ड उलटं करून रिलेच्या पिनांभोवती काळपट कडं दिसतं का बघा. जेल रोडवर कार्डाचं काम करणारी मुलं असं सोल्डरिंग आणि रिले बदलून देतात. ढिल्या सॉकेटमधून सतत ठिणग्या खाल्लेल्या मशीनचा रिले लवकर जातो, म्हणजे फिरून आपण पुन्हा भिंतीपाशीच आलो.

दोन बिघाडांत मात्र अजिबात वाट बघायची नाही. पहिली, मशीन सुरू करून दहा-पंधरा मिनिटांनी, म्हणजे हीटर लागण्याच्या वेळी, आरसीसीबी (वीज झिरपली की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर हीटरचं आवरण फुटून वीज बॉडीत झिरपते आहे. साध्या मल्टिमीटरवर हे बऱ्याचदा दिसत नाही, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीज झिरपते का ते तपासणाऱ्या मीटरने, बघावं लागतं. आरसीसीबी काढून साधी एमसीबी लावून मशीन चालवणारे मी पाहिले आहेत. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी. दुसरी, उलटा बिघाड: पाणी प्रमाणाबाहेर तापतं, दारातून वाफ येते, डब्यांची झाकणं वाकडी होतात, प्रोग्रॅम संपल्यावरही आत सूं आवाज राहतो. तेव्हा रिले चिकटलेला असतो. बटणाने बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडा आणि दुरुस्त होईपर्यंत चालू करू नका.

सोलरचं गरम पाणी थेट मशीनला जोडू का, हेही लोक विचारतात. आपल्याकडे गच्चीवर सोलर असतोच. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत साठ अंशांपर्यंत परवानगी असते, पण उन्हाळ्यात सोलर सत्तरवर सहज जातो. आणि पहिलंच पाणी कढत आलं की दुधाच्या पातेल्यातली साय आणि डाळीचा चोथा भांड्यावरच शिजून बसतो. मी जोडत नाही.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा. आज फिल्टर आणि पाइपची जाळी साफ करा, रात्री अकराला रिकामी मशीन कढईच्या प्रोग्रॅमवर लावून दिवा मोजा. उद्या संध्याकाळी सातला तेच, सोबत व्होल्टमीटरवर हीटर लागण्याआधीचा आणि नंतरचा आकडा. संध्याकाळी अकरा आले, तर कारागिराला बोलवू नका. व्होल्टेज आधीपासूनच कमी असेल तर वीज कंपनीकडे तक्रार करा, हीटर लागल्यावरच घसरत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मशीनचा सॉकेट त्याला तुमच्यासमोर उघडायला लावा. दोन्ही वेळा चाल बदललीच नाही, तर मशीन उघडणारा कारागीर बोलवा. हीटरचा रोध किती आला ते आकड्यात सांग म्हणावं, आणि काढलेला पार्ट घरीच ठेवून घ्या.